फोटो खोटा, गुन्हा खरा

शेफील्डच्या कवयित्री हेलन मॉर्ट यांना २०२०च्या अखेरीस एका परिचिताने कळवलं, ‘तुझे फोटो एका अश्लील साइटवर आहेत.’ तसे फोटो त्यांनी कधी काढलेच नव्हते. सुट्टीतले, गरोदरपणातले साधे फोटो समाजमाध्यमांवरून उचलून कुणीतरी त्यांचा चेहरा भलत्याच बायकांच्या शरीरांवर चिकटवला होता. काही चित्रं तर हिंसक अत्याचाराची होती. पोलिसांकडे गेल्यावर उत्तर मिळालं, की यात गुन्हा बसत नाही.

खोट कायद्यातच होती. इंग्लंडच्या २०१५च्या कायद्याने खासगी लैंगिक छायाचित्रं संमतीविना पसरवणं हा गुन्हा ठरवला. पण त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागे आणि केवळ फेरफार करून अश्लील बनवलेली चित्रं त्यातून वगळलेली होती. इकडे मॉर्ट यांची झोप उडाली होती, भयंकर स्वप्नं पडत होती. चित्र बनावट असलं, तरी भोगणं बनावट नव्हतं.

त्यांनी कायदा बदलण्यासाठी सह्यांची मोहीम उघडली आणि त्या चित्रांवरच कविता लिहून ती कॅमेऱ्यासमोर वाचली. चित्रांत त्यांना तोंड उघडायला जागा नव्हती. कवितेत पाहणारी आणि बोलणारी बाई त्या स्वतः झाल्या. कायद्याला न दिसलेली इजा त्यांनी शब्दांत मांडली. २०२३मध्ये ‘माय ब्लाँड जीएफ’ या माहितीपटातूनही ही कहाणी लोकांपुढे आली.

अशा अनेक पीडितांनी आणि संघटनांनी लावून धरल्यावर कायदा हलला. ३१ जानेवारी २०२४पासून तिथे एखाद्या व्यक्तीला प्रत्यक्ष दाखवणारं किंवा तसं भासणारं खासगी चित्र संमतीविना पसरवणं गुन्हा आहे. हेतू सिद्ध करण्याची अट मूळ गुन्ह्याला उरलेली नाही. २०२५च्या कायद्याने असं चित्र नुसतं बनवणंही गुन्ह्यात आणलं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ ही कलमं मजकूर अश्लील आहे का, एवढंच विचारतात. संमतीचा विचार करणारं ६६ई कलम खासगी अवयवांचं चित्र टिपण्या-पसरवण्याबद्दल आहे; चिकटवलेला चेहरा त्यात सहज बसत नाही. याच कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनी मात्र मॉर्फ केलेल्या चित्रांचा स्पष्ट उल्लेख केला आणि तक्रारीनंतर ती हटवायला कंपन्यांना तेव्हा २४ तासांची मुदत घातली होती.

असं काही घडलं तर घाबरून सगळं डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. ‘स्टॉपएनसीआयआय’ ही मोफत सेवा प्रौढांसाठी आहे. ती फोटोचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार करते. फोटो बाहेर जात नाही आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो अडवू शकतात.

‘फोटो टाकलासच कशाला?’ हा घरातला पहिला प्रश्न आता बंद झाला पाहिजे. त्यानेच मुली गप्प बसतात आणि गुन्हेगाराचं फावतं. मुलीचा मोबाइल काढून घेऊ नका. तिच्याबरोबर सायबर पोलीस ठाण्यात जा.