बाळाचा डॉक्टर कसा पारखला जातो?

हसनाबादच्या तान्ह्या बाळाला धाप लागली की माय-बाप भोकरदन, जालना करीत शेवटी छत्रपती संभाजीनगरची घाटी गाठतात. तिथे बाळाला हात लावणारा डॉक्टर पुष्कळदा शिकत असतो. ‘शिकाऊ’ म्हटले की माउलीच्या पोटात गोळा येतो. म्हणून हे शिक्षण आम्ही समजून घेतले.

साडेचार वर्षे एमबीबीएस, वर्षभर आंतरवासिता, तीन वर्षे बालरोगाचे एमडी. त्यापुढे नवजात शिशू किंवा मुलांचे हृदय अशा एकाच विषयाचे तीन वर्षांचे डीएम. नुसता पेपर लिहून भागत नाही. रोगी तपासून दाखवावा लागतो. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी नवी पद्धत मांडली. विद्यार्थ्याने एकेका टेबलावर ठरावीक वेळात नेमून दिलेले काम करून दाखवायचे. मोजमाप सर्वांना एकच. त्यामुळे ओळख, आडनाव आणि परीक्षकाची मर्जी यांना वाव कमी राहतो.

पण परीक्षेत रात्री दोनचा डॉक्टर दिसत नाही. नळी घालताना हात स्थिर आहे का, अडल्यावर वरिष्ठांना बोलावतो का, न शिकलेल्या आईला समजेल असे बोलतो का, हे वॉर्डातच रोज पाहून नोंदवावे लागते.

बंधू-भगिनींनो, घाबरू नका; पण गप्पही राहू नका. ‘मोठ्या डॉक्टरांनी बाळ पाहिले का?’ हे विचारणे आपला हक्क आहे.