डॉ. सालीम अली : पक्षिनिरीक्षण, आकाशवाणी आणि लोकशिक्षण

प्रस्तावना :
भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या अभ्यासकांमध्ये डॉ. सालीम अली (१८९६-१९८७) यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांच्या ग्रंथांची चर्चा विपुल झाली. मात्र आकाशवाणीवरील वक्ते म्हणून त्यांनी केलेले कार्य तुलनेने दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची घडण :
मुंबईत जन्मलेल्या सालीम अलींकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पद त्यांना मिळू शकले नाही. पुढे त्यांनी बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर नोकरी नसल्याने ते रायगड जिल्ह्यातील किहीम येथे राहिले आणि तेथे १९३० मध्ये त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून स्वीकारते आणि मादी अंडी उबवू लागल्यावर नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधू लागतो, हे त्यांनी सप्रमाण दाखविले. या निष्कर्षामागे महागडी उपकरणे नव्हती. चिकाटी आणि काटेकोर नोंदी होत्या.

आकाशवाणीवरील भाषणे :
१९४१ मध्ये त्यांचा 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून १९८५ पर्यंत त्यांनी आकाशवाणीवर वेळोवेळी भाषणे दिली. ग्रंथात रंगीत चित्रांचा आधार असतो. नभोवाणीवर केवळ शब्द असतात. पक्ष्याचा आवाज, हालचाल आणि सवयी श्रोत्याच्या मनश्चक्षूंसमोर उभ्या करणे हे या माध्यमाचे आव्हान होय. अभ्यासकापुरते मर्यादित असलेले ज्ञान अशा रीतीने घराघरांत पोहोचू शकले. संरक्षणासाठी कायदे आवश्यक असले, तरी समाजाला ज्या जीवाची ओळखच नाही त्याच्यासाठी समाज आग्रह धरीत नाही. भरतपूर व सायलेंट व्हॅलीच्या संरक्षणासाठी त्यांनी केलेल्या प्रयत्नांकडे या दृष्टीने पाहणे उचित ठरेल. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले.

निष्कर्ष :
ठाणे खाडीच्या काही भागास २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि रोहित पक्षी अभयारण्याची सीमा जाणत नाहीत. भरतीच्या वेळी ते नवी मुंबईतील पाणथळ जागांचा आश्रय घेतात. या जागा टिकवायच्या असतील, तर परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून नियमित नोंदी करून घेणे आणि त्या सुबोध मराठीत नागरिकांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे. सालीम अलींच्या कारकिर्दीतून अध्यापकांनी घ्यावा असा हाच बोध होय.