सार्वजनिक धोरण आणि तज्ज्ञांचे स्थान : पंचांगसुधारणा व उज्जैन

सार्वजनिक धोरण ठरविताना एखादे मत केवळ तज्ज्ञाचे आहे म्हणून ग्राह्य मानावे काय? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी पंचांगसुधारणेचे उदाहरण उपयुक्त आहे.

देशातील निरनिराळ्या पंचांगांत एकसूत्रता आणण्यासाठी १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे प्रा. आर. व्ही. वैद्य हे तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९५५ मध्ये सादर झाला. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे असल्याने १४०० वर्षांत २३ दिवसांचा फरक पडला, असे समितीने दाखविले. गणनेसाठी तिने ८२° ३०′ पूर्व रेखांश आणि उज्जैनचा २३° ११′ उत्तर अक्षांश स्वीकारला.

२२ मार्च १९५७ पासून शासनाने शक दिनदर्शिका अधिकृत कामकाजासाठी लागू केली. मात्र धार्मिक सणांच्या बाबतीत समितीने तो २३ दिवसांचा फरक एकदम काढून टाकला नाही. रूढ परंपरेला धक्का बसू नये म्हणून तिने तडजोड स्वीकारली.

येथे दोन प्रश्न वेगळे होतात. वर्ष किती दिवसांचे, हा मोजमापाचा प्रश्न असून तेथे बहुमत निरुपयोगी ठरते. सण केव्हा पाळावा, हा समाजाच्या निवडीचा प्रश्न होय. हिजरी महिन्याबाबतही असेच आहे. अमावास्येचा क्षण खगोलशास्त्रज्ञ अचूक सांगू शकतो. परंतु ईदसाठी गणित मानावे की प्रत्यक्ष चंद्रदर्शन, याचा निर्णय तो देऊ शकत नाही.

मोजमापाच्या क्षेत्रातही तज्ज्ञाचे वजन पदवीवर अवलंबून नसते. उज्जैनची वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंहाने उलुघ बेगच्या कोष्टकांचा आदर केला, तरीही वेध घेऊन ती तपासली आणि ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ सिद्ध केली. त्या वेधशाळेत शंकूची सावली आजही कोणालाही पाहता येते.

सारांश, तज्ज्ञाने आपला पुरावा सर्वांसमोर तपासणीसाठी खुला ठेवावा आणि आपल्या ज्ञानाची मर्यादाही सांगावी. पुरावा न मागता मान डोलावणारा समाज आणि पुरावा पाहूनही तो नाकारणारा समाज, हे दोन्ही सारखेच नुकसान करून घेतात.