सत्तेचा शब्द आणि शवाची साक्ष

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात १६०५ ते १६६७ या काळात मोगल दरबारातली निदान चार मोठी माणसं गेली. मुमताज महल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली. त्याबद्दल वाद नाही. उरलेल्या तिघांच्या मरणाकडे पाहिलं, की न्यायवैद्यकशास्त्राची गरज पटते.

अकबराचा मुलगा दानियाल दारूच्या आहारी गेला होता. बापाने पहारा बसवला, तर त्याने लाडक्या बंदुकीच्या नळीत भरून दारू आणवली. नळीतला गंज दारूत उतरला आणि ती पिऊन तो कोसळला, असं त्याचा भाऊ जहांगीर आठवणींत लिहितो. आजचा शवविच्छेदक गंजाला दोष देण्याआधी यकृत तपासेल. वर्षानुवर्षांच्या दारूच्या खुणा तिथे सापडतात.

जहांगीरचा मुलगा खुस्रो १६२२ मध्ये भाऊ खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, कैदेत मेला. बादशहाला कारण पोटशूळ असं कळवण्यात आलं. संशय मात्र गळा आवळल्याचा होता. तसं असेल तर बहुधा डोळ्यांत बारीक रक्तबिंदू उमटतात, मानेच्या स्नायूंत रक्त साकळतं, कधी कंठास्थी मोडते. पण कैद करणाऱ्याचाच शब्द अखेरचा ठरला.

पुरंदरचा तह घडवणारा मिर्झाराजा जयसिंग दख्खनेतून परतताना १६६७ मध्ये इथेच वारला. विषप्रयोगाचा प्रवाद इटालियन प्रवासी मनुचीने नोंदवला आहे. त्याची छत्री आजही उभी आहे. देह मात्र अग्नीला दिला गेला, आणि पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

पुढे २६ वर्षांनी मद्रासच्या इंग्रज वसाहतीत डॉ. एडवर्ड बल्कली यांनी विषबाधेच्या संशयावरून तिथल्या कौन्सिलचे सदस्य जेम्स व्हीलर यांचं शवविच्छेदन केलं. भारतातलं नोंद झालेलं ते पहिलं न्यायवैद्यकीय शवविच्छेदन मानतात. १८३६ मध्ये जेम्स मार्श यांच्या चाचणीने सोमलाचा अत्यल्प अंशही पकडता येऊ लागला. १८४९ मध्ये मद्रासला, १८७० मध्ये मुंबईला रासायनिक प्रयोगशाळा निघाल्या. आज संशयास्पद मृत्यूत पंचनामा होतो, पोस्टमार्टेम होतं, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मोहोरबंद बरणीतून प्रयोगशाळेत जातो.

कोठडीतल्या मृत्यूची खबर तर २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला द्यावी लागते आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं लागतं. खुस्रोला यातलं काहीच मिळालं नाही. आज हे सगळं असलं, तरी अहवालावर सही शेवटी डॉक्टरचीच असते. म्हणून शवागारातल्या डॉक्टरवर कुणाचंही दडपण येता कामा नये. त्याने वाकून सही केली, तर सगळी उपकरणं असूनही अहवालात पुन्हा ‘पोटशूळ’च लिहिला जाईल.