फाशांवर लागलेलं राज्य : ‘प्रपंच पाश’

वर्ष : 1929, मूकपट
दिग्दर्शक : फ्रान्झ ऑस्टेन
निर्माता : हिमांशू राय
बीज : महाभारतातलं द्यूत

कथा : राजा रणजित (चारू रॉय) आणि राजा सोहन (हिमांशू राय) दोघेही सुनीतावर (सीतादेवी) भाळतात. शिकारीत रणजितला विषारी बाण लागतो. सुनीताचे वडील त्याला वाचवतात. पुढे त्यांचाच खून होतो. मग सोहन कपटाचे फासे टाकतो. रणजित राज्य हरतो, गुलाम होतो.

चित्रण : राजस्थानात, हजारो माणसं, घोडे, हत्ती.

मुंबईचा धागा : या चित्रपटासाठी राबलेल्या देविका राणी आणि राय यांनी 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली.

आवर्जून पाहा : द्यूताचा प्रसंग. संवाद ऐकू येत नाही, तरी फासे पडताना श्वास रोखला जातो.