विवाहपूर्व करार : रक्षण कोणाच्या संपत्तीचे?

विवाहाआधी वधूवरांनी मालमत्तेचा करार करावा ही कल्पना मराठी मध्यमवर्गाला ऐकताक्षणीच परकी वाटते. विवाह हा संस्कार. तेथे मुद्रांकाच्या कागदाचे काय काम, असा प्रश्न तत्काळ विचारला जातो. परंतु असा प्रश्न विचारणाऱ्या घरांतच साखरपुड्याच्या सुमारास दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात आणि याद्या करतात. कार्यालयाचे भाडे कोणी भरायचे, मानपान कोणाकोणाचा, मुलीच्या अंगावर सोने किती, हे सारे कागदावर उतरते. लिहून घेण्याचे आपल्या समाजाला वावडे मुळीच नाही. दोन दिवसांच्या खर्चाचे तो लिहून घेतो आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या मिळकतीविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही.

हे मौन तटस्थ असते अशी समजूत आहे, आणि तीच तपासून पाहण्याची गरज आहे. करार केला नाही म्हणजे नियम नाही असे नव्हे. मग कायद्याने घालून दिलेला नियम आपोआप लागू होतो. गोव्यासारखा अपवाद सोडला तर भारतातील हिंदू पतिपत्नींच्या मालमत्तेवर विवाहाचा काहीही परिणाम होत नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचे. स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने मान्य केली. स्त्रीधन सासरच्या ताब्यात असले तरी ते तिचेच राहते आणि ते परत न देणे हा फौजदारी अपराध ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सांगितले. याचा सरळ अर्थ असा की, विवाहापूर्वीची आपली संपत्ती जोडीदारापासून सुरक्षित ठेवण्यासाठी वेगळा करार करण्याचे फारसे कारणच नाही. संपूर्ण विभक्ततेचा करार प्रत्येक जोडप्याने, न वाचता, अक्षता पडताच केलेला असतो.

या न वाचलेल्या कराराचे फळ पाहण्यासाठी कोणत्याही शहरातील नोकरदार जोडप्याचा संसार नजरेसमोर आणावा. नवरा बँकेत लिपिक, बायको शाळेत शिक्षिका. सदनिका घेताना कर्ज नवऱ्याच्या नावावर निघते, म्हणून खरेदीखतही त्याच्याच नावाचे होते. त्याच्या पगारातून कर्जाचे हप्ते जातात. तिच्या पगारातून वाणसामान, मुलांची फी, सासऱ्यांची औषधे. दोघांचा वाटा सारखाच. पण हप्त्याला पावती असते, वाणसामानाला नसते. वीस वर्षांनी दोघे विभक्त झाले तर एकाच्या हाती घर राहते आणि दुसरीच्या हाती संपलेला किराणा. नोकरी न करता घर सांभाळणाऱ्या स्त्रीची गोष्ट तर बोलायलाच नको; तिने वाचवलेल्या पैशाची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. न्यायालय तिला पोटगी देऊ शकते. पण पोटगी गरज पाहून दिली जाते; मालकी ही निराळी गोष्ट आहे. हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम विवाहप्रसंगी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरते बोलते. संसारात उभे राहिलेले घर त्याच्या कक्षेत सहजासहजी बसत नाही.

सरकारी हिशेबातली एक गंमतही येथे नोंदवण्याजोगी आहे. नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता काही मालमत्ता बायकोच्या नावे केली तर तिचे उत्पन्न प्राप्तिकरासाठी त्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. कर वसूल करायचा असतो तेव्हा दोघे एक. मालकी ठरवायची असते तेव्हा दोन.

गोव्यात हे चित्र उलटे आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती चालू ठेवण्यात आली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात गेला असला तरी पतिपत्नींच्या संपत्तीचे मूळ तत्त्व कायम आहे. विवाहापूर्वी सार्वजनिक दस्त करून वेगळी व्यवस्था निवडली नाही, तर दोघांची आधीची आणि पुढची मालमत्ता, काही अपवाद वगळता, सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. दस्त करणाऱ्यांना पर्याय आहेत: सर्व मालमत्ता वेगळी ठेवावी, केवळ विवाहानंतर मिळवलेलीच सामाईक करावी, किंवा वधूने आणलेल्या संपत्तीची निराळी व्यवस्था लावावी. एकदा विवाह झाला की त्या दस्तात फेरबदल करता येत नाही. ख्रिस्ती असो वा हिंदू, नियम हाच. नवरा वारला तर विधवेचा अर्धा भाग आधी बाजूला निघतो. वारसांची वाटणी उरलेल्या अर्ध्याची. तो अर्धा भाग तिला कोणाच्या कृपेने मिळालेला नसतो, तो तिचाच असतो.

प्राप्तिकर कायद्यालाही हे मान्य करावे लागले. १९९४ साली १९६१ च्या कायद्यात ५-अ हे कलम घालून या संहितेखालील दांपत्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरण्याची तरतूद झाली. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहिला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या वादात मालमत्ता मुंबईत होती आणि तिचा मूळ मालक गोव्याचा रहिवासी. गोवेकराच्या गोव्याबाहेरील, पण भारतातील, मालमत्तेचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरेल, असा निकाल न्यायालयाने दिला. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना तो निकाल जवळून लागू आहे.

गोव्याचा कायदा आदर्श आहे असे मात्र कोणी समजू नये. सामाईक मालमत्तेचा कारभार संहितेने नवऱ्याच्या हाती ठेवला. स्थावर विकताना बायकोची संमती आवश्यक केली, एवढाच त्याला लगाम. शिवाय वडिलोपार्जित घर विकायचे तर भावंडांच्याच नव्हे, त्यांच्या पतिपत्नींच्याही सह्या लागतात. एक भावजय लिस्बनला, एक मेहुणा आखातात, अशा कुटुंबात व्यवहार वर्षानुवर्षे अडून राहतो. माहेरचे वडिलोपार्जित घरही जोडीदाराशी वाटून घ्यावे काय, याविषयी प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पोर्तुगालने स्वतःच १९६६ च्या नव्या संहितेत मूळ नियम बदलला आणि केवळ विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता सामाईक धरली. गोवा तोवर भारतात आला होता, म्हणून जुना नियम तेथे राहिला. दोन्हींत विवेकाला अधिक पटणारा नियम पोर्तुगालचा नवा. विवाहापूर्वीचे ज्याचे त्याला, संसारातले दोघांचे.

आता विवाहपूर्व कराराकडे वळावे. गोव्याबाहेर असा करार न्यायालयात कितपत टिकेल हे सांगणारा स्पष्ट कायदा नाही. सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाने निरर्थक ठरतो. बायकोला तिच्या माहेरातून कधीही हलवणार नाही, असा विवाहापूर्वी लिहून दिलेला करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ साली अमान्य केला होता. मुस्लिम विवाहात मेहेर आणि निकाहनाम्यातील अटी यांना करार म्हणूनच स्थान आहे. तेवढी सोय इतरांना नाही. परंतु उद्या कायद्याने करारांना मोकळी वाट दिली, तरी मूळ नियम आजचाच राहिला तर त्याचा लाभ कोणाला होईल? करार हा दोघांच्या ताकदीप्रमाणे होतो. ज्या बैठकीत मुलीच्या बापाची मान आधीच खाली झुकलेली असते, त्या बैठकीत तिच्या हिताची अट कोण लिहून घेणार? १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असूनही हुंडा कोणत्या शब्दांत मागितला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. आज विवाहपूर्व कराराविषयी उत्साह दिसतो तो बहुतेक वेळा धनिकाच्या संपत्तीच्या रक्षणासाठी. त्या संपत्तीला तर आजही रक्षण आहेच. रक्षण नाही ते बिनपावतीच्या वाट्याला.

म्हणून क्रम बदलला पाहिजे. आधी संसारात मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचा समान वाटा हा मूळ नियम, आणि मग ज्यांना तो नको असेल त्यांना निबंधकासमोर, दोघांना स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळाल्याची नोंद करून, वेगळा दस्त करण्याची मुभा. या दिशेने एक पाऊल पडलेही होते. विवाह मोडताना पत्नीला पतीच्या स्थावरात हिस्सा देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले. लोकसभेची मुदत २०१४ मध्ये संपली आणि विधेयक बुडाले. उत्तराखंडाने २०२४ साली समान नागरी संहिता केली. विवाह, घटस्फोट, वारसा यांवर तिने बरेच लिहिले. पण समान नागरी कायद्याची चर्चा ज्या गोव्याकडे बोट दाखवून होते, त्या गोव्याचा अर्ध्या वाट्याचा नियम तिने उचलला नाही.

कायदा होईपर्यंत सामान्य दांपत्याच्या हाती काहीच नाही असे नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी, कायद्याची वाट न पाहता, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला होता. ते सातबारे आजही बोलतात. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसी पत्नी व मुलांच्या विश्वस्त निधीसारखी राहते आणि नवऱ्याच्या धनकोला तिला हात लावता येत नाही. पण तशी नोंद प्रस्ताव भरतानाच करावी लागते, मागाहून नाही. आणि सदनिकेचे खरेदीखत ज्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवले जाते, त्या दिवशी खरेदीदाराच्या रकान्यात दुसरे नाव लिहिण्यास कसलीही आडकाठी नसते.