भावी डॉक्टर आपल्या ओसरीवर येतात तेव्हा



वैद्यकीय महाविद्यालयाची मुले-मुली वह्या घेऊन गावात येतात, रक्तदाब मोजतात, लहान मुलांचे वजन करतात आणि मग पाणी कोठून आणता, चूल कशावर पेटते, शौचालय आहे काय, असे प्रश्न विचारू लागतात. पुष्कळांना ही शिरगणती वाटते. काहींना रेशनकार्ड जाते की काय अशी धास्ती पडते. म्हणून हे काय प्रकरण आहे ते सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम घातला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यातील तीन ते पाच कुटुंबे सोपवली जातात व पहिल्या वर्षापासून त्याने त्यांच्याकडे पुनःपुन्हा जायचे असते. आपल्या ग्वाल्हेरच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयालाही हा नियम लागू आहे. हे महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले. त्याच वर्षी भोर समितीने आपला अहवाल दिला आणि डॉक्टरला रोगाबरोबर समाजही कळला पाहिजे असे सांगितले. तेव्हा कल्पना नवी नाही, अंमल मात्र रेंगाळत आला आहे.

याची गरज का, ते एका खोकल्यावरून पाहू. आपल्या भागातील, विशेषतः शिवपुरी व श्योपुरकडील, सहरिया आदिवासींत क्षयरोगाचे प्रमाण इतर लोकांपेक्षा कितीतरी पट अधिक आढळले आहे. अपुरे अन्न, कोंदट झोपडी, कामासाठी गावोगाव फिरणे, ही त्याची कारणे होत. याच पट्ट्यात दगडाच्या खाणी आहेत. दगड फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते, तेथे वण पडतात आणि दम लागू लागतो. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरे करणारे औषध नाही, आणि ज्याला तो झाला त्याला क्षय जडण्याची भीतीही जास्त. क्ष-किरणाच्या फोटोत दोन्ही सारखे दिसू शकतात. मग धुळीच्या रोग्याला क्षयाच्या गोळ्या मिळतात, तो पुन्हा त्याच खाणीवर जातो आणि धूळ काही थांबत नाही.

ही चूक टाळणारा प्रश्न फार साधा आहे: "तुम्ही काम काय करता?" इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व प्रत्येक रोग्याला हे विचारा असे वैद्यांना बजावले. तीनशे वर्षे झाली, तरी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो प्रश्न राहून जातो. शिवाय रुग्णालयात दिसतो तो तेथवर पोहोचलेला रोगी. ज्याच्याकडे बसभाडे नाही, जिला घरातून कोणी सोडत नाही, ती माणसे विद्यार्थ्याला घरी गेल्यावाचून भेटणारच नाहीत.

आपल्या मराठी मुलखात याचे चांगले उदाहरण वर्ध्याजवळ सेवाग्रामला आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथील विद्यार्थी आरंभी काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव घेते, तेथे शिबिरात मुक्काम करते आणि पुढे आपापल्या कुटुंबांकडे जात राहते. त्याच संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावांसाठी ज्वारीचा आरोग्यविमा चालविला. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी घालायची आणि आजारपणात रुग्णालयाने फुकट किंवा सवलतीत उपचार करायचे. शेतकऱ्याच्या हाती बारमाही पैसा नसतो, पण खळ्यावर धान्य असते, हे ज्याला उमगले त्यानेच ही योजना आखली असणार. मोहरी विकेपर्यंत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणारी घरे आपल्याकडे काय थोडी आहेत? आमच्या मते डॉक्टरला हे कळणे औषधांची नावे पाठ असण्याइतकेच मोलाचे आहे.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हा विचार केला आहे. भारताच्या कॅथलिक बिशपांनी १९६३ साली बंगळूर येथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे पदवीनंतर दोन वर्षे, आरोग्यसेवा कमी आहे अशा भागात काम करण्याचा करार विद्यार्थ्यांकडून घेतला जातो. अनेक लहान मिशन दवाखान्यांना अशा तरुण डॉक्टरांचा आधार मिळाला आहे.

कुटुंब दत्तक योजनेबद्दल एक शंका आम्ही लपवीत नाही. बसने यायचे, तासाभरात रकाने भरायचे आणि परत फिरायचे, एवढेच झाले तर वही भरेल, विद्यार्थी कोराच राहील. भाषेचीही अडचण आहे. मध्य प्रदेशात २०२२ पासून वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके निघाली, हे चांगलेच झाले. पण पुस्तकी हिंदी वेगळी आणि म्हातारी आपले दुखणे ज्या बोलीत सांगते ती वेगळी. ती बोली तिच्या खाटेशी बसूनच शिकावी लागते.

येथे आपलेही काम आहे. विद्यार्थी आला की चहा देऊन वाटेला लावू नये. पाहुण्यापुढे घराची लाज झाकावी तशी माहितीही झाकू नये. उपचाराचे कर्ज असेल तर सांगावे. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तो आवर्जून सांगावा आणि खाणीवर किती वर्षे काढली तेही सांगावे. क्षय निघालाच तर सरकारी औषध फुकट आहे, आणि उपचार चालू असेतो पोषणासाठी दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली आहे. ती मिळत नसेल तर विद्यार्थ्याला वहीत टिपून घ्यायला सांगावे. सुनेला स्वतः बोलू द्यावे, सासूने तिच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. आणि फवारणीचे औषध घरात कोठे ठेवता, फवारताना तोंडाला काय बांधता, हे त्याने विचारले नाही तरी त्याला नेऊन दाखवावे.